डेल्टातला तेलसाठा कप्प्यांत वाटलेला असेल, तर कामाला कुठून लागायचं?

कोल्हापुरातून तेलाच्या धंद्यात जाणारी मुलं मोजकीच, पण जातात. कुणी राजमुंद्रीला, कुणी अंकलेश्वरला, कुणी मस्कत-अबुधाबीला. कॉलेजात त्यांनी तेलसाठा शिकलेला असतो तो असा: जमिनीखाली एक घुमट, त्यात सलग वाळूचा थर, वर वायू, मध्ये तेल, खाली पाणी. आणि पहिली नेमणूक होते नेमकी अशा क्षेत्रावर, जिथे शेजारशेजारच्या दोन विहिरींचं आपसात काहीच जुळत नाही. एकीत तेल, तर तिच्यापासून चारशे मीटरवर त्याच खोलीला पाणी. एकीचा दाब सहा महिन्यांत कोसळतो, दुसरीचा हलतसुद्धा नाही. वरिष्ठ म्हणतात, "कंपार्टमेंटलाइज्ड आहे रे ते," म्हणजे साठा एकमेकांपासून तुटलेल्या कप्प्यांत वाटलेला, आणि फाइल पुढे सरकवतात. त्या फाइलीचं पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितोय. मी हे काम अंकलेश्वर आणि राजमुंद्री दोन्हीकडे केलंय, आणि गावी आलो की पोरं हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट, त्यामुळे हा विषय कोल्हापूरकराला परका वाटतो. तितका तो परका नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते. कृष्णा आणि गोदावरीने कोट्यवधी वर्षं तिथे आणून टाकलेल्या गाळाखालीच आज तेल आणि वायू काढतात. किनाऱ्याजवळचं रव्वा क्षेत्र ओएनजीसीला १९८७ मध्ये सापडलं, तिथला साठा मायोसीन काळातल्या वाळूत आहे. भरूचजवळचं गंधार हेही डेल्टाचंच, म्हणजे नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळाचंच, इओसीन काळातलं. पेपरात रोज ज्या ब्रेंट क्रूडचा भाव छापून येतो, ते ब्रेंट क्षेत्रसुद्धा जुरासिक काळातल्या डेल्टावर बसलेलं आहे.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. कप्पे आहेत की नाहीत, हे उत्पादन सुरू होण्याआधी पूर्ण कळत नाही. तेव्हा हातातला प्रत्येक पुरावा काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, ते नीट माहीत पाहिजे. सगळ्या चुका तिथेच होतात.

आधी कागद गोळा करा

संगणक उघडायच्या आधी एवढं हातात पाहिजे:

- प्रत्येक विहिरीच्या लॉगच्या (उपकरण सोडून खोलीनुसार केलेल्या खडकाच्या मोजणीच्या) एलएएस फाइली आणि विहीर किती तिरकी गेली ते सांगणारा डेव्हिएशन सर्व्हे. जुन्या विहिरींचे दोन-दोन सर्व्हे फिरत असतात; मंजूर झालेला कोणता, ते लेखी विचारून घ्या.
- कोअरचे (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या दांड्याचे) फोटो आणि सच्छिद्रता-पारगम्यतेचे तक्ते, म्हणजे खडकात पोकळी किती आणि त्यातून द्रव किती सहज वाहतो.
- वायरलाइन टेस्टरने (तारेवर विहिरीत सोडलेल्या उपकरणाने) मोजलेले दाब. नुसता आकड्यांचा तक्ता चालणार नाही, प्रत्येक बिंदूचा वेळ-दाब आलेख मागा.
- तेलाचा पीव्हीटी अहवाल (दाब-तापमान बदललं की तेल कसं वागतं त्याचा), वायू आणि पाण्याचं विश्लेषण.
- डीएसटी (विहीर तात्पुरती वाहती करून घेतलेली चाचणी) आणि बिल्डअप (विहीर बंद करून दाब कसा चढतो ते बघणारी चाचणी) यांच्या मूळ फाइली.
- विहिरीगणिक रोजचं उत्पादन: तेल, वायू, पाणी, चोक (प्रवाह आवळणारी झडप) किती उघडा, नळीच्या तोंडाचा दाब.
- परफोरेशन (थर उघडायला पाइपाला पाडलेली भोकं) आणि वर्कओव्हर (विहिरीची नंतरची दुरुस्ती) यांचा तारीखवार इतिहास.
- सिमेंट बाँड लॉग: केसिंगमागचं, म्हणजे विहिरीतल्या पोलादी पाइपामागचं सिमेंट किती घट्ट बसलंय त्याची मोजणी.
- सिस्मिकचा (जमिनीत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या चित्राचा) त्रिमिती डेटा आणि त्यावर आधी केलेलं अर्थनिर्वचन.

शेवटून दुसरा कागद कुणी मागत नाही, आणि तोच नंतर नडतो. केसिंगच्या मागचं सिमेंट खराब असेल तर वरच्या थरातला वायू पाइपाच्या बाहेरून खालच्या थरात उतरतो. आपण मात्र 'दोन थर आतून जोडलेले आहेत' असं अहवालात लिहून मोकळे होतो.

हे सगळं मिळालं की एक तक्ता हाताने बनवा: विहिरीचं नाव, खोदल्याची तारीख, दाब मोजल्याची तारीख, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या कोणत्या विहिरी चालू होत्या. हा तक्ता कुठल्याही कंपनीत तयार मिळत नाही. चौथ्या पायरीला त्याच्यावाचून पान हलणार नाही.

१. डेल्टा कुठल्या जातीचा, ते ठरवा

गॅलोवे यांनी १९७५ मध्ये डेल्टांचे तीन प्रकार पाडले: नदीचं वर्चस्व असलेले, लाटांचं वर्चस्व असलेले आणि भरती-ओहोटीचं वर्चस्व असलेले. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वर्गीकरण इथे थेट पैशांशी येऊन भिडतं.

मिसिसिपीसारख्या नदीप्रधान डेल्टात वाळू बोटांसारखी समुद्रात शिरते आणि दोन बोटांच्या मध्ये चिखल साचतो. कप्पे पडायला ही सगळ्यात सोयीची जागा. लाटा जोरात असतील तर त्या वाळू किनाऱ्याला समांतर पसरवतात, चिखल धुऊन नेतात, आणि थर बराच सलग मिळतो. भरती-ओहोटीच्या डेल्टात वाळूचे लांबट पट्टे प्रवाहाच्या दिशेने पडतात आणि त्यांच्यावर चिखलाचे पातळ पापुद्रे बसतात. हे पापुद्रे आडवा प्रवाह फारसा अडवत नाहीत, उभा अडवतात.

उपग्रहाच्या नकाशावर गोदावरीच्या मुखाजवळ अंतर्वेदीच्या आसपास बघा. किनाऱ्याला समांतर वाळूचे जुने बांध ओळीने दिसतील, ते लाटांचं काम. पण आजच्या डेल्टावरून खालच्या साठ्याचा निकाल देऊ नका. समुद्राची पातळी बदलली की त्याच नदीचा डेल्टा दुसऱ्या जातीचा होतो. निकाल कोअर देतं.

कोअर नसेल तर गॅमा लॉग बघा; खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजणारा हा लॉग चिकणमातीत चढतो, वाळूत उतरतो. खालून वर जाताना चिकणमाती कमी होत वाळू वाढत असेल तर बहुधा मुखाजवळचा वाळूचा ढीग, म्हणजे माउथ बार. खाली एकदम स्वच्छ वाळू आणि वर जाताना ती मातकट होत गेली, तर वाहिनी. वाहिनी जुन्या ढिगाला कापून जाते. पुढे नदीने रस्ता बदलला आणि ती वाहिनी चिखलाने भरली, तर तो चिखलाचा पट्टा दोन्हीकडची वाळू तोडून टाकतो. सिस्मिकवर असा पट्टा फॉल्टसारखा, म्हणजे थर सरकलेल्या भेगेसारखा दिसत नाही, म्हणून तो सुटतो.

२. वाळूच्या माथ्याला वाळूचा माथा जोडू नका

दोन विहिरींच्या लॉगवर वाळूचा माथा दिसला की सरळ रेघ मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. डेल्टात ती रेघ बहुतेक वेळा खोटी असते.

डेल्टा समुद्रात पुढे सरकतो तेव्हा प्रत्येक पुराचा गाळ आधीच्या गाळाच्या उतारावर तिरका बसतो. हा उतार किरकोळ, एखादा अंशच. पण हिशेब करून बघा: एक अंशाच्या उतारावर ५०० मीटर पुढे गेलं की तोच पृष्ठभाग जवळजवळ ९ मीटर खाली जातो. तुमची वाळू १० मीटर जाडीची असेल, तर पहिल्या विहिरीतला माथा दुसऱ्या विहिरीत थराच्या तळाशी पोहोचला! दुसरीत जो माथा दिसतोय तो नंतरच्या, वेगळ्या ढिगाचा आहे, आणि दोघांच्या मध्ये चिखलाचा तिरका पदर असू शकतो. थायलंडच्या सिरिकिट क्षेत्रातला साठा सरोवरातल्या डेल्टाचा आहे. तिथे सपाट जोडणी आणि तिरकी, कौलारू जोडणी अशा दोन्ही पद्धती शेजारी ठेवून अभ्यास झाला. कुठे परफोरेशन करायचं याचं उत्तर त्यावरून बदलतं.

पद्धत अशी. आधी जास्त गॅमाचे, क्षेत्रभर सापडणारे शेलचे (घट्ट झालेल्या चिकणमातीच्या खडकाचे) थर शोधा. समुद्र पुढे सरकून डेल्टा बुडाला तेव्हा ते बसले, म्हणून ते काळाच्या खुणा म्हणून चालतात. लॉगांचा पट या शेलवर सपाट करा, वाळूच्या माथ्यावर नको. मग दोन शेलांच्या मधली वाळू तिरक्या रेघांनी जोडून बघा. पेन्सिलीने, कागदावर. सॉफ्टवेअर सरळ रेघ इतक्या सहज मारून देतं की माणूस विचारच करत नाही.

३. फॉल्ट

डेल्टात गाळाचा भार पडत असतानाच जमीन खचत असते, त्यामुळे फॉल्ट गाळ साचत असतानाच वाढत जातात. नायजर डेल्टा याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. खचलेल्या बाजूला तोच थर जास्त जाड मिळतो. जाडी जुळत नाही म्हणून 'हा वेगळा थर' असं नवखा माणूस ठरवतो. तसं ठरवू नका.

फॉल्ट अडवतो की नाही, याचे प्रश्न दोन आणि ते याच क्रमाने विचारायचे. पहिला: फॉल्टच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर काय आलंय? वाळूसमोर जाड शेल असेल तर तिथे विषय संपला. वाळूसमोर वाळू असेल तरच दुसरा प्रश्न: फॉल्टच्या फटीत किती चिकणमाती घासली गेली? त्यासाठी शेल गाउज रेशो काढतात. फॉल्टच्या एखाद्या बिंदूसमोरून जेवढे थर सरकून गेले, त्यांतल्या प्रत्येकाची जाडी गुणिले त्यातली मातीची टक्केवारी, सगळ्यांची बेरीज, भागिले सरकलेलं अंतर.

समजा फॉल्ट ३० मीटर सरकलाय. त्या ३० मीटरांत ८ मीटर शेल आहे, त्यात ८० टक्के माती. उरलेली २२ मीटर वाळू, तिच्यात १० टक्के. ८ गुणिले ०.८ म्हणजे ६.४. २२ गुणिले ०.१ म्हणजे २.२. बेरीज ८.६, भागिले ३०, म्हणजे सुमारे २९ टक्के. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या पुढे फॉल्ट अडवू लागतो असं धरतात, तेव्हा हा अडवणारा. पण हा उंबरठा प्रत्येक खोऱ्यात तपासून घ्यावा लागतो, दुसऱ्या क्षेत्राचा आकडा उचलून लावायचा नसतो.

आता न दिसणारे फॉल्ट. सिस्मिकची उभी मर्यादा तरंगलांबीच्या साधारण चौथाई. खडकातला वेग २८०० मीटर प्रति सेकंद आणि वारंवारता ३५ हर्ट्झ असेल तर तरंगलांबी ८० मीटर, चौथाई २० मीटर. थरातला खंड डोळ्याला त्याहून थोडा लहानही जाणवतो, पण ५-७ मीटरचे फॉल्ट हातचे गेले समजा. वाळू ६ मीटर जाडीची असेल तर ती पूर्ण तोडायला तेवढा फॉल्ट पुरतो. थोडक्यात, नकाशावर फॉल्ट नाही याचा अर्थ जमिनीत फॉल्ट नाही असा घ्यायचा नाही.

४. दाब: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

आधी आकडे स्वच्छ करा. खोली विहिरीच्या लांबीवर मोजलेली नको, समुद्रसपाटीखालची उभी खोली पाहिजे. टेस्टर बसवण्याआधी आणि काढल्यावर ड्रिलिंगच्या चिखलाचा (खोदताना विहिरीत भरलेल्या द्रवाचा) दाब सारखा आला का, ते बघा. घट्ट वाळूत चिखलाचं पाणी आत घुसून दाब खोटा चढतो; वेळ-दाब आलेखात दाब स्थिर न होता रेंगाळत असेल तर तो बिंदू सरळ काढून टाका. मग खोलीविरुद्ध दाब मांडा. पाण्याची रेघ साधारण १.४ ते १.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) प्रति मीटर उताराची, तेलाची १.१ च्या आसपास, वायूची पाव पीएसआयच्या आगेमागे.

आता दोन विहिरी घ्या. पहिलीत २१५० मीटरला, तेलात, ३१२० पीएसआय. दुसरीत २१८० मीटरला ३०९८. एकच तेल असतं तर ३० मीटर खाली ३३ पीएसआय वाढून ३१५३ यायला हवे होते. ५५ कमी आलेत. खोली मोजण्यात ५ मीटरची चूक धरली तरी तेलात फरक ५-६ पीएसआयचाच पडतो, म्हणजे हे ५५ चुकीचे नाहीत, खरे आहेत. मग अर्थ काय?

तुमचा तारखांचा तक्ता काढा. दोन्ही दाब उत्पादन सुरू व्हायच्या आधीचे असतील तर मधला अडसर भूशास्त्रीय काळभर टिकलेला आहे, कप्पे पक्के वेगळे. पण दुसरी विहीर पहिलीच्या उत्पादनानंतर दोन वर्षांनी खोदली असेल तर? मग ते ५५ पीएसआय पहिल्या विहिरीने ओढून नेलेले असू शकतात, म्हणजे दोघी जोडलेल्या आहेत! किती जोडलेल्या, ते पहिलीच्या आजच्या दाबावरून कळतं. तीही ३०६५ वर आली असेल, म्हणजे तिचेही ५५ गेले असतील, तर जोडणी चांगली. ती २७०० वर घसरली असेल तर जोडणी आहे पण जेमतेम. आकडा तोच, तारीख बदलली की निष्कर्ष उलटा होतो. तारीख न बघता दाब मांडलेले अहवाल मी बरेच पाहिलेत, आणि त्यांवर सह्याही भरपूर असतात.

याच्या उलट सापळा जास्त मोठा. उत्पादनाआधी दोन्ही विहिरींचे दाब एका रेघेवर छान बसले, की मीटिंगमध्ये सगळे खूश: 'साठा सलग आहे.' तसं नसतं. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे घातलेत, नदी थांबलेली आहे आणि कुणीच पाणी उपसत नाही, असं धरा. बर्ग्यांच्या फटींतून थेंब थेंब गळत राहील आणि पुरेसा काळ गेला की दोन्ही बाजूंची पातळी एक होईल. मग एका बाजूच्या उपसा पंपांचे स्टार्टर दाबा. त्या बाजूची पातळी झरझर उतरेल आणि पलीकडे ढिम्म काही होणार नाही. फटी त्याच, पण उपशाच्या वेगाला त्या पुरत नाहीत. गळका फॉल्ट लाखो वर्षांत दाब सारखा करून ठेवतो आणि वीस वर्षांच्या उत्पादनात भिंतीसारखा वागतो. म्हणून उत्पादनापूर्वीचा वेगळा दाब कप्पे सिद्ध करतो, पण सारखा दाब सलगपणा सिद्ध करत नाही. हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवलं तरी चालेल.

५. तेल, वायू, पाणी यांचे नमुने

इथे नवखा माणूस बरोबर उलटा घसरतो. दोन विहिरींच्या तेलाची रचना थोडी वेगळी आली, क्रोमॅटोग्राफीत (तेलातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीत) शिखरं जुळली नाहीत, की लगेच 'वेगळे कप्पे'. पण जमिनीखाली सगळं एकाच वेगाने सारखं होत नाही. दाब सगळ्यात लवकर सारखा होतो. घनतेतला फरक त्यानंतर. रचना तर रेणूंच्या विसरणाने सारखी व्हायची, तिला एखाद-दोन किलोमीटरसाठीही लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात. म्हणजे सलग साठ्यातसुद्धा तेलाची रचना दोन टोकांना वेगळी राहू शकते.

वेगवेगळी तेल-पाणी सीमा हा पुरावा त्यापेक्षा वजनदार. तरी आधी दोन गोष्टी तपासा. वाळू एकीकडे बारीक असेल तर केशाकर्षणाने पाणी वर चढलेलं दिसतं. आणि थराच्या खोलगट भागात पाणी अडकून राहिलेलं असेल तर तिथली सीमा ही साठ्याची सीमा नव्हे.

कोअर जतन केलेलं असेल तर त्यात वाळलेल्या मिठातल्या स्ट्रॉन्शियम समस्थानिकांचं प्रमाण खोलीनुसार काढता येतं. ते एखाद्या शेलवर एकदम उडी मारत असेल तर त्या शेलवर संशय घ्या. चाचणी महाग नाही, कोअर जपून ठेवणं अवघड.

६. विहिरीची चाचणी, आणि ती किती लांबचं बघते

बिल्डअप चाचणीत डेरिव्हेटिव्हची (दाब बदलण्याच्या वेगाच्या आलेखाची) सपाट रेघ पुढे जाऊन दुप्पट उंचीवर स्थिरावली तर जवळपास एक अडवणारा फॉल्ट आहे. अर्ध्या उताराने चढत राहिली तर दोन्ही बाजूंना भिंती, म्हणजे विहीर अरुंद वाहिनीत बसलेली. चढून पुन्हा खाली आली तर गळका फॉल्ट असू शकतो. पूर्ण बंद कप्प्यात बिल्डअपचा डेरिव्हेटिव्ह शेवटी खाली कोसळतो, पण पाण्याचा जोरदार आधार असला तरी तो कोसळतोच. दोघांतला भेद करायला ड्रॉडाउनचा भाग (विहीर वाहती असतानाचा दाब) आणि आधीचा-नंतरचा स्थिर दाब बघावा लागतो.

चाचणीला किती अंतर दिसलं, ते काढल्याशिवाय 'फॉल्ट नाही' असं लिहू नका. १०० मिलिडार्सी पारगम्यता, २२ टक्के सच्छिद्रता, १ सेंटिपॉइज तेल आणि एकूण संपीड्यता १५ गुणिले दहाचा उणे सहावा घात प्रति पीएसआय असेल, तर २४ तासांत चाचणी साधारण २७० मीटर बघते. अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. ८०० मीटर बघायचे तर नऊ दिवस लागतील. रिग उभी ठेवून नऊ दिवस कुणी देणार नाही. म्हणून विहिरीत कायमस्वरूपी दाबमापक बसवून घ्यायचा आग्रह आधीच, विहिरीचा आराखडा ठरतानाच धरा. मग उत्पादनात विहीर ज्या-ज्या वेळी बंद पडेल, ती प्रत्येक वेळ फुकटची चाचणी ठरते.

७. उत्पादन सुरू झाल्यावर

आता खरी उत्तरं यायला लागतात. नकाशावरून काढलेला साठा आणि मटेरियल बॅलन्सवरून (किती काढलं आणि दाब किती उतरला या हिशेबावरून) निघालेला साठा शेजारी मांडा. समजा एकाच एककात नकाशा ४० म्हणतो आणि मटेरियल बॅलन्स १२, तर विहिरीला फक्त १२ चा कप्पा लागतोय. उरलेलं तेल खोटं आहे असं नाही, या विहिरीच्या आवाक्यात ते नाही.

वायूच्या विहिरीला दाब भागिले झेड (वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो तो गुणांक) हा आकडा एकूण उत्पादनाविरुद्ध मांडा. बंद कप्प्यात सरळ रेघ येते. रेघ आधी वेगाने उतरून मग सपाट होत गेली तर शेजारच्या कप्प्यातून वायू झिरपतोय. पहिल्या काही महिन्यांच्या उताराला पट्टी लावून साठा जाहीर केला तर तो कमी निघतो. नंतरच्या सपाट भागाला लावली तर फुगतो.

शेजारी विहीर असेल तर इंटरफिअरन्स चाचणी करा. एक बंद ठेवून तिच्यात मापक सोडा, दुसरीचा चोक बदला, आणि थांबा. उत्पादन खात्याला विहीर बंद ठेवायला पटवणं हेच यातलं अवघड काम. ट्रेसर (पाण्यात सोडून दुसऱ्या विहिरीत शोधायची खूण) आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा घेतलेलं सिस्मिक हेही उपाय आहेत, पण त्यांचं बजेट नव्या माणसाच्या हातात नसतं.

८. मॉडेल एकच करू नका

साठ्याची संगणकावरची मॉडेलं किमान तीन ठेवा: फॉल्ट बंद, फॉल्ट गळके, फॉल्ट उघडे. पायरी दोनमधली तिरकी जोडणी आणि सपाट जोडणी यांचीही वेगळी रूपं ठेवा. मॉडेल उत्पादनाच्या इतिहासाशी जुळवताना फॉल्टचा ट्रान्समिसिबिलिटी गुणक (फॉल्टमधून किती प्रवाह जाऊ द्यायचा तो आकडा) मनाला येईल तसा फिरवायचा मोह होतो. ०.०००३ टाकला की आलेख सुंदर जुळतो आणि बॉस खूश. त्या गुणकाला तुमच्या गाउज रेशोचा आधार आहे का? नसेल, तर बहुतेक वेळा चूक दुसरीकडे असते: एखादा न टिपलेला शेल, चुकीचं परफोरेशन किंवा केसिंगमागून येणारं पाणी.

९. विहिरी कुठे, पाणी कुठे सोडायचं

सगळ्या विहिरी एका दमात मंजूर करून घेऊ नका. पहिल्या दोन-तीन विहिरी अशा जागी ठेवा की त्या तेलही देतील आणि सगळ्यात मोठ्या शंकेचं उत्तरही देतील. पुढच्या विहिरींची जागा त्यांच्या वर्षभराच्या दाबावर ठरू द्या. सरकारकडे जाणाऱ्या विकास आराखड्यातही हे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचा निकष आधीच लिहून ठेवा. नंतर बदल मागताना डीजीएचसमोर (केंद्राच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयासमोर) बोलणं सोपं जातं. २०१५ च्या लघु क्षेत्र धोरणातून लिलावाला आलेल्या छोट्या क्षेत्रांत तर एक कोरडी विहीर अख्खं गणित बिघडवते.

छोट्या कप्प्यांना प्रत्येकी स्वतंत्र विहीर परवडत नाही. तिथे आडवी विहीर दोन-तीन कप्पे भेदून नेता येते, किंवा जुन्या विहिरीतून साइडट्रॅक, म्हणजे बाजूला नवी शाखा काढता येते. वेगवेगळ्या दाबाचे थर एकत्र उघडायचे असतील तर मध्ये पॅकर (थर वेगळे ठेवणारं बूच) आणि उघडझाप करणाऱ्या स्लीव्ह (नळीतल्या खिडक्या) ठेवा. नाहीतर विहीर बंद ठेवली की जास्त दाबाचा थर कमी दाबाच्या थरात तेल ओतत बसतो.

पाणी सोडणारी विहीर आणि तेल देणारी विहीर एकाच कप्प्यात आहेत, याचा पुरावा मागा. नकाशावर जवळ दिसतात हा पुरावा नव्हे. बंद कप्प्यात पाणी ढकलत राहिलं की तिथला दाब चढत जातो आणि खडक फुटायच्या दाबापर्यंत पोहोचतो. मग पाणी कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

आणि हे ड्रिलिंगवाल्यांना लेखी कळवाच: नवी विहीर उपसलेल्या आणि न उपसलेल्या अशा दोन्ही कप्प्यांतून जाऊ शकते. शेजारच्या विहिरींचा दाब उतरलाय म्हणून ड्रिलिंगच्या चिखलाची घनता कमी ठेवली, आणि पुढचा कप्पा मूळ दाबावर निघाला, तर किक येते, म्हणजे थरातलं तेल-वायू जोराने विहिरीत घुसतं. घनता जास्त ठेवली तर उपसलेल्या वाळूत चिखल गळतो आणि पाइप चिकटतो. दोन्ही शक्यतांचे दाब, थरागणिक, विहीर सुरू करायच्या आधी त्यांच्या टेबलावर पाहिजेत. ई-मेल करून गप्प बसू नका, उत्तर येईपर्यंत मागे लागा.

नेमणुकीआधी कोल्हापुरातच सराव

साधा लॅपटॉप पुरतो. उत्तर समुद्रातल्या व्होल्व क्षेत्राचा डेटा इक्विनॉरने २०१८ मध्ये खुला केला: लॉग, सिस्मिक, रोजचं उत्पादन, सगळं. डाउनलोड मोठा आहे, तेव्हा आधी फक्त लॉग आणि उत्पादन घ्या. एलएएस फाइली वाचायला पायथनमधलं लासिओ चालतं. नॉर्वेच्याच नॉर्न क्षेत्राचं मॉडेल ओपीएम फ्लो या मोफत सिम्युलेटरबरोबर मिळतं. भारतातला डेटा बघायचा तर डीजीएचची नॅशनल डेटा रिपॉझिटरी आहे, पण ती कंपनी किंवा संस्थेमार्फत वापरणं सोयीचं.

वाळूचा खडक हाताने बघायचा असेल तर एक रविवार काढून गोकाकच्या धबधब्याला जा. तो कलादगीचा, फार जुना वालुकाश्म आहे, डेल्टाचा नमुना म्हणून नको. पण तिरके थर म्हणजे काय ते लॉगपेक्षा तिथे लवकर समजतं.

नॉर्नमध्ये पहिला प्रयोग म्हणून एवढं करा. तिथे वरच्या गार्न थरात वायू आहे, खालच्या इले थरात तेल, आणि दोघांच्या मध्ये 'नॉट' नावाचा मातीचा थर. मॉडेल आहे तसं चालवा. मग त्या थराची उभी पारगम्यता वाढवून पुन्हा चालवा आणि दोन्ही वेळचे विहिरीगणिक वायू-तेल गुणोत्तराचे आलेख एकावर एक ठेवा. त्यानंतर एकेका फॉल्टचा गुणक शून्य करून कोणत्या विहिरीचा दाब हलतो आणि कोणत्या विहिरीला काही कळतच नाही, त्याची यादी बनवा.